दोषी म्हणून स्वतःचे नाव घालून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
सागरतीर आरोग्य सहाय्य संस्था,
भाईंदर (पश्चिम), जि. ठाणे.

अर्जदार : हरिश्चंद्र बाबाजी तळेकर, मिश्रक, तारोडी उपकेंद्र.
राहणार गोडदेव, भाईंदर (पूर्व).

विषय : दिवंगत रॉबर्ट घोन्सालवीस, राहणार तारोडी, यांच्या मृत्यूच्या चौकशी अहवालात त्यांच्या पत्नीवर ठेवलेला ठपका काढून तो अर्जदारावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) चौकशी अहवाल, दि. २८ फेब्रुवारी १९९४.
२) अर्जदाराचे दि. ४ मार्च व दि. १४ मार्च १९९४ चे अर्ज आणि त्यांवर आलेली आपली उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार गेली अकरा वर्षे आपल्या तारोडी उपकेंद्रात मिश्रक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंपाउंडर, म्हणून काम करीत आहे. उपकेंद्र मंगळवारी व शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा उघडे असते. डॉ. ममता शाह मॅडम भाईंदरहून येतात. त्यांना किनाऱ्यावरची बोली कळत नाही. तिथल्या बायकांना बाजारापुरती हिंदी येते, पण मासळीचा भाव सांगणे वेगळे आणि पोटात कुठे कळ येते ते सांगणे वेगळे. म्हणून मध्ये अर्जदार उभा असतो. अकरा वर्षांत बायकांनी मॅडमकडे पाहून बोलणेच सोडून दिले. त्या अर्जदाराकडे पाहून बोलतात आणि त्यालाच 'डॉक्टर' म्हणतात. अर्जदाराने सुरुवातीला दोन-तीनदा ही चूक सुधारली. नंतर सुधारली नाही, कारण ते कानाला गोड लागत असे. हे आधीच्या दोन्ही अर्जांत लिहिले नव्हते. लाज वाटली म्हणून लिहिले नव्हते.

२. आपल्याकडे गोळ्या हजार-हजारांच्या डब्यांतून सुट्या येतात आणि कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात. पुडीवर नाव लिहिले तरी वाचणार कोण, म्हणून अर्जदाराने रंगांची पद्धत पाडली. प्रेशरची गोळी पांढरी, शुगरची पिवळी. ज्यांना दोन्ही दुखणी, त्यांच्याकडून अर्जदार खिडकीपाशी पाढ्यासारखे म्हणवून घेई : पांढरी दोन-दोन, सकाळ-संध्याकाळ, पिवळी अर्धी, सकाळी, खाण्याआधी. म्हणून दाखवल्याशिवाय पुडी हातात पडत नसे. या पद्धतीची संस्थेच्या वार्षिक सभेत वाखाणणी झाली होती. शिवाय शंभराच्या वर रुग्ण असूनही अर्जदाराची खिडकी बाराच्या ठोक्याला बंद होते, हेही त्या सभेत सांगितले गेले होते. अर्जदार तेव्हापासून थोडा शेफारला, असे त्याची पत्नी सौ. शैला हिचे मत आहे. अर्जदारास ते मान्य आहे.

३. शुक्रवार, दि. ७ जानेवारी १९९४ रोजी नवीन साठा आला. अर्जदाराने स्वतःच्या हाताने डबे फोडले. प्रेशरची गोळी या वेळी पिवळी निघाली आणि शुगरची पांढरी. सोबत कसलीही सूचना नव्हती, पण डब्यावर नाव छापलेले होते आणि अर्जदारास वाचता येते. त्यामुळे साठा पाठवणाऱ्यांवर खापर फोडून अर्जदारास मोकळे होता येत नाही. दोन्ही दुखणी असलेले तेरा रुग्ण उपकेंद्रात आहेत. त्या दिवशी अर्जदाराने एकेकाला थांबवून रंग उलटे झाल्याचे सांगायला सुरुवात केली. जुना पाढा डोक्यातून काढून नवा बसवायचा म्हणजे एकेकाला पाच-पाच मिनिटे लागू लागली. सात जणांना सांगून झाले तोवर रांगेत कुरकुर सुरू झाली आणि घड्याळात पावणेबारा वाजले. आठव्या लूर्डस घोन्सालवीस होत्या, नवऱ्याची औषधे न्यायला आलेल्या. अर्जदाराने त्यांना पुड्या दिल्या आणि 'पुढे' म्हटले. त्यांच्यामागच्या पाच जणांनाही तसेच. खिडकी बाराला बंद झाली.

४. लूर्डस बाईंचे वय पासष्टच्या आसपास आहे. जन्मभर त्यांनी मासळी निवडली, वाळवली आणि विकली आहे. हातात आलेली वस्तू निरखून पाहण्याची त्यांना सवय आहे. घरी जुन्या गोळ्या तीन-चार दिवसांपुरत्या शिल्लक होत्या. त्या संपेपर्यंत त्यांनी नवी पुडी सोडली नाही, आणि सोडली तेव्हा त्यांना संशय आला. मंगळवार, दि. ११ जानेवारी रोजी त्या दोन्ही पुड्या पदराच्या गाठीत बांधून उपकेंद्रात आल्या. रांग मोडली असे कोणी म्हणू नये म्हणून खिडकीच्या बाजूला उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पुडी पुढे करून विचारले, "डॉक्टर, ही ती गोली न्हाय वाटत. बारीक हाय."

महोदय, अर्जदारास त्या क्षणी फक्त आठवायचे होते. चारच दिवसांपूर्वी त्याने सात माणसांना तेच सांगितले होते. पण समोर रांग होती आणि एक बाई अर्जदाराच्या कामात खोट काढते आहे असे त्यास वाटले. अर्जदाराने पुडीकडे पाहिलेसुद्धा नाही. "आकार काय बघता? रंग बघा," तो चढ्या आवाजात म्हणाला. "पांढरी दोन-दोन, पिवळी अर्धी. किती वर्षं शिकवायचं? डॉक्टर तुम्ही की मी?" रांगेतली माणसे हसली. लूर्डस बाईही ओशाळून हसल्या, पुड्या पुन्हा गाठीत बांधल्या आणि गेल्या. डॉक्टर दोघांपैकी कोणीच नव्हते.

५. त्या संध्याकाळपासून रॉबर्ट यांना शुगरच्या चार गोळ्या रोज जाऊ लागल्या. पूर्वी अर्धी जात होती. म्हातारा माणूस, खाणे चिमणीएवढे. गुरुवारी त्यांना घाम सुटू लागला आणि ते असंबद्ध बोलू लागले. बाईंना वाटले, अशक्तपणा आला, म्हणून औषध चुकता कामा नये. शुक्रवारी, दि. १४ रोजी, सकाळी नऊला त्यांची मुलगी जेनेल धावत उपकेंद्रात आली. मॅडम तिच्याबरोबर घरी गेल्या. अर्जदारही गेला. मॅडमनी शिरेतून साखर दिली, गाडी बोलावली आणि गोळ्या दाखवायला सांगितल्या. पुडी उघडताच अर्जदारास शुगरच्या पांढऱ्या गोळ्या ओळखू आल्या. मॅडमनी विचारले, "किसने दी?" बाई म्हणाल्या, "मीच दिल्या." अर्जदार मूग गिळून उभा राहिला. रॉबर्ट घोन्सालवीस शनिवारी, दि. १५ रोजी, भाईंदरला वारले.

शुक्रवारीच दुपारी अर्जदार बाकीच्या पाच घरी घाईने गेला आणि नवा पाढा शिकवून आला. कारण विचारले तेव्हा 'साठा बदललाय' एवढेच म्हणाला. त्या पाचांच्या जुन्या गोळ्या अजून संपायच्या होत्या. त्यांच्यापैकी कोणी आधी येऊन काही विचारले नव्हते.

६. चौकशी दि. ९ फेब्रुवारी रोजी उपकेंद्रात झाली. समितीचे दोन्ही सदस्य मुंबईहून आले होते. मोठी व सज्जन माणसे होती, पण तिथल्या बोलीचे त्यांना ओ की ठो कळत नव्हते. म्हणून दुभाष्याचे काम अर्जदारावरच सोपवण्यात आले. ज्याची चौकशी, तोच दुभाषी, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. अर्जदाराच्या लक्षात आले होते. तो काही बोलला नाही.

अर्जदारास तीन प्रश्न विचारले गेले. चिठ्ठीप्रमाणे औषध दिले काय? होय. नोंदवहीत नोंद आहे काय? होय. रुग्णाच्या पत्नीस औषध कसे द्यावे ते सांगितले होते काय? होय. तिन्ही उत्तरे अक्षरशः खरी आहेत. समितीने ती लिहून घेतली आणि अर्जदाराच्या नोंदवहीस 'आदर्श' म्हटले.

मग बाईंना विचारले गेले की, गोळी वेगळी दिसली तर तुम्ही कोणाला विचारले का? त्या बराच वेळ बोलल्या. पुड्या गाठीत बांधून आल्याचे बोलल्या, बाजूला उभ्या राहिल्याचे बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मी इचारलं व्हतं डॉक्टरना. त्यानी सांगितलं, रंग बघ." अर्जदाराने हिंदीत सांगितले, "कहती हैं, रंग देखकर दी." सदस्यांपैकी एकाने भुवया उंचावून विचारले की बाई एवढ्या बोलल्या आणि त्याचे इतकेच? यावर अर्जदाराने जे उत्तर दिले तेही लिहितो. अर्जदार म्हणाला, "बाकी सब रोना है, साहब."

बाजारापुरती हिंदी बाईंना कळते, हे वर लिहिले आहे. त्यांनी एकदा अर्जदाराकडे पाहिले आणि मान खाली घातली.

७. अहवालाच्या पान तीनवर समितीने लिहिले आहे : 'मृताच्या पत्नीने कोणासही न विचारता, अज्ञानापोटी, केवळ रंग पाहून गोळ्या दिल्या.' समितीच्या शिफारशीवरून अर्जदाराच्या खिडकीवर 'शंका असल्यास विचारा' अशी पाटी रंगवण्यात आली आहे. त्या खिडकीपाशी अकरा वर्षांत शंका घेऊन आलेली एकच व्यक्ती अर्जदारास आठवते, आणि पाटी तिच्यामुळे लागली आहे. अर्जदार मंगळवारी व शुक्रवारी तीन-तीन तास त्या पाटीखाली बसतो.

८. म्हणून अर्जदाराने दि. ४ मार्च रोजी आपणास अर्ज केला की चूक अर्जदाराची असून त्याचे नाव अहवालात घालावे. उत्तर आले की, अर्जदाराविरुद्ध कोणाचीही तक्रार नसल्याने विचार करता येत नाही. तक्रार मृताच्या नातेवाइकांनी विहित नमुन्यात करावी. नमुना सोबत जोडला होता. अर्जदार तो नमुना घेऊन लूर्डस बाईंच्या घरी गेला. सांगायचे होते ते सोडून त्याने नमुना पुढे केला आणि म्हणाला की इथे सही करा, ऑफिसचे काम आहे. जेनेलने वाचून आईला सांगितले की ही तर यांच्याच विरुद्ध तक्रार आहे. बाई घाबरल्या. म्हणाल्या की चूक आमच्या हातून झाली, तुमची नोकरी कशाला घालवू? अर्जदार त्यांच्या घरचा चहा पिऊन परत आला. हेही अर्जदाराने केले.

दि. १४ मार्च रोजी अर्जदाराने दुसरा अर्ज केला. त्यावर अर्जदारास विश्रांतीची गरज दिसते असा शेरा मारून आठ दिवसांची भरपगारी रजा मंजूर झाली. अर्जदाराने रजा मागितली नव्हती. शिक्षा मागितली होती.

९. गेल्या मंगळवारी जेनेल एकटीच उपकेंद्रात आली होती, स्वतःच्या खोकल्यासाठी. तिच्याकडून कळले की तिची आई दर शनिवारी चर्चमध्ये जाऊन फादरजवळ पाप कबूल करते. काय कबूल करते ते घरात सर्वांना ठाऊक आहे, कारण घरीही ती तेच बोलते, की नवऱ्याला मी मारलं. फादर समजावतात, पण तिला पटत नाही. रविवारी ती शेवटच्या बाकावर बसते आणि बाकीचे प्रसाद घ्यायला पुढे जातात तेव्हा जागची उठत नाही. चाळीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. सध्या त्यांचा उपवासकाळ चालू आहे आणि येत्या रविवारी, दि. ३ एप्रिलला, ईस्टर आहे.

महोदय, अर्जदाराचे पाप एक दुसरी बाई दर आठवड्याला गुडघे टेकून कबूल करते आहे. अर्जदार जन्माने हिंदू आहे, त्याच्याकडे अशी कबुलीची जागा नाही. त्याला अर्ज करणे तेवढे येते. घरी हे सांगितल्यावर सौ. शैला हिने जेवणाचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "तीन आठवडे कागदाला सांगताय. त्या बाईला कधी सांगणार?"

१०. काल, दि. २७ मार्च, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी अर्जदार पुन्हा तारोडीस गेला. लूर्डस बाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या आणि अंगणात पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची आणायला सांगितली. अर्जदार बसला नाही. उभ्यानेच त्याने सर्व सांगितले : डबे, सात माणसे, पावणेबारा, रांग, रंग बघा. समितीपुढचे बोलणेही सांगितले, आणि 'बाकी सब रोना है' हेही. त्यातला एकही शब्द या वेळी गाळला नाही. अर्जदारास वाटले होते की बाई ओरडतील, शिव्या देतील, निदान रडतील. तसे झाले असते तर अर्जदारास बरे वाटले असते.

बाईंनी विचारले, "म्हंजे मी इचारलं व्हतं?"

अर्जदार म्हणाला, "हो. तुम्ही विचारलं होतं."

"नक्की ना? मना वाटलं, मनाच भास झाला. कागदात लिवलंय इचारलं न्हाय. तुमी बी तसाच बोलले. मंग मी म्हटलं, न्हायच इचारलं आसल."

अर्जदाराने पुन्हा सांगितले, की विचारले होते, तुम्ही पुड्या गाठीत बांधून विचारायला आला होतात. बाईंनी घरात हाक मारली. "जेनेल, आयक. मी इचारलं व्हतं." जेनेल दारात येऊन उभी राहिली. तिने अर्जदाराकडे ज्या नजरेने पाहिले ती अर्जदार जन्मात विसरणार नाही, आणि विसरूही नये. ती म्हणाली, "आता जा तुम्ही." अर्जदार निघाला. त्यास कोणी क्षमा केली नाही आणि त्यानेही ती मागितली नाही. फाटकापाशी पोहोचला तेव्हा मागून बाईंनी हाक मारली.

"डॉक्टर, ह्ये कागदावर लिवून द्याल?"

अर्जदार वळून म्हणाला की मी डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे. त्या म्हणाल्या की जे असाल ते असा, पण लिहून द्या. पहिल्या कागदावर शिक्का आहे, म्हणून यावरही शिक्का पाहिजे.

११. सबब विनंती येणेप्रमाणे. अर्जदारास निलंबित करावे, बडतर्फ करावे, की त्याच्याविरुद्ध पोलिसांकडे जावे, हे आपल्या अखत्यारीत आहे आणि त्याबाबत अर्जदार यापुढे एकही अर्ज करणार नाही. दोष कोणाचा, हे ठरवायला आपणास सभा घ्यावी लागेल, नियम पाहावे लागतील, वेळ लागेल, हे अर्जदार जाणतो. त्या सर्वाला कितीही वेळ लागो. परंतु पान तीनवरील 'कोणासही न विचारता' हे तीन शब्द खोटे आहेत, आणि ते खोटे असल्याचे जाणणारा, त्या वेळी समोर असलेला माणूस हा अर्ज करीत आहे. ते शब्द खोडून त्या जागी 'पत्नीने विचारले होते' एवढे लिहावे, आणि त्या पानाची सही-शिक्क्याची एक प्रत शनिवारी, दि. २ एप्रिलला, दुपारपर्यंत द्यावी. अर्जदार ती स्वतः नेऊन पोचवील, वाचून दाखवण्याचे काम मात्र दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे, कारण अर्जदाराच्या तोंडून आलेल्या शब्दावर त्या घरात कोणी विश्वास ठेवू नये असे अर्जदारानेच करून ठेवले आहे. बाई शनिवारी संध्याकाळी फादरकडे जातात. त्यापूर्वी त्यांच्या हातात कागद असावा.

आपला कसूरवार सेवक,

(सही)
हरिश्चंद्र बाबाजी तळेकर
मिश्रक, तारोडी उपकेंद्र

भाईंदर,
दि. २८ मार्च १९९४

सोबत :
१) चौकशी अहवालाचे पान तीन, तीन शब्दांखाली रेघ मारून.
२) तक्रारीचा विहित नमुना, कोरा.
३) आठ दिवसांच्या रजेचा आदेश, न वापरता परत.